इंजनाले लावलेली माती

आमची गाडी जुनी. इंजनाजवळचा पत्रा कवाच गळून पडला होता. दोन वर्साची पोरगी समोर टाकीवर बसे, अन् तिचा डावा पाय लोंबे तो थेट सायलेन्सरच्या तापलेल्या पाइपाले लागे. एक दिवस आलापल्लीचा बाजार करून येता येता ती लय रडली, मले वाटलं उन्हानं रडून राह्यली. घरी येऊन पाह्यलं तं घोट्यावर हा एवढा फोड. मीनं हळद लावली. चौथ्या दिवशी पाय सुजला, फोड पिकला, पोरीले ताप भरला.

नवरा म्हणे, "सकाळी दवाखान्यात नेऊ."

नेऊ म्हणजे त्याच गाडीवर. त्याच पाइपावर पुन्हा तोच पाय! मी सातवीत शाळा सोडली, इंजनातलं मले काय समजते? चुलीतलं समजते. आमच्याकडं भाताचा गंज चुलीवर ठेवाच्या आधी बुडाले माती लावतात, म्हणजे बूड जळत नाई. मंग सकाळी उठल्या उठल्या मीनं मातीत धानाचा कोंडा कालवला, पाइपाले बारदाना गुंडाळला अन् वरून माती थापली. तिथंच थांबली असती तं! पण इंजनाले त्या आडव्या पात्या असतात ना, झळ तं तिथूनच येते, मंग त्याच्या फटीही मीनं बोटानं भरून टाकल्या. नवऱ्यानं घाईत नुसता पाइप पाह्यला. "बरं केलं," म्हणे.

अर्ध्या रस्त्यात, सागाच्या जंगलात, गाडी खडखड वाजाले लागली. जळका वास आला अन् झटका देऊन बंद पडली. किक दबेच ना. पानगळ झालेली, सावली कुठीच नाई, पोरगी माझ्या खांद्यावर तव्यासारखी तापलेली.

नवऱ्यानं वाकून काडीनं उकरलं. माती विटेसारखी भाजली होती.

"हे कोनं भरलं इथी?"

"मीनं."

"काऊन?"

"गंजाले लावतो ना जी. पोरीले झळ लागू नये म्हून."

"अवं, तिथून वारा लागते म्हून तं ते थंड राह्यते! भात शिजवाचा होता काय त्याच्यावर?"

मारलं असतं तरी चाललं असतं. पण तो खालीच बसला अन् काडीनं एक एक फट कोरत राह्यला. बाटलीत अर्धं पानी. मी म्हटलं, "इंजनावर टाकू का?"

"तडकून जाईन ते. पोरीले पाज."

पोरगी पिईना. पानी ओठावरून खाली गेलं. मी उभी राहो, बसो, पुन्हा उभी राहो, रस्ता इकडं पाहो, तिकडं पाहो, अन् तिच्या नाकापुढं बोट धरून पाहो, श्वास चालू आहे का म्हून. तिच्या पायी जे केलं ते तिच्याच जिवावर आलं, एवढंच डोक्यात.

लय वेळानं एक म्हातारा गाडीवर आला, मागं मोहफुलाचं पोतं. पोरीले पाहून त्यानं लगेच पोतं खाली उतरवलं. "बसा बाई. भाऊ, तुमी पोतं सांभाळा. वासानंच झिंगू नका म्हंजे झालं."

नवरा हसला नाई. तो तिथंच राह्यला, पोत्याजवळ, काडी हातात घेऊन.

मी एका बाजूनं बसली, पोरगी मधात. याच्याही गाडीचा पाइप उघडा! मीनं तिचा पाय मुठीत घेतला अन् हाताची पाठ इंजनाकडं केली. चटके बसत होते. हात काढाचा कुठी?

दवाखान्यात नर्सबाई पोरीले पट्टी बांधता बांधता म्हणे, "तुमच्या हाताले काय झालं?"

मी म्हटलं, "आधी तिचं पाहा."

दोन दिवसांनी ताप उतरला. इंजन मात्र खोलाच लागलं. आता मेस्त्रीनं पाइपाले वाकवून पत्रा लावला आहे, मधात बोटभर जागा सोडून. "हवा जाऊ द्या बाई," म्हणे. समजलं मले. तरी गाडीवर बसली का माझा हात आपोआप तिच्या पायाशी जाते, अन् ती झटकून म्हणते, "सोड ना आई."