अर्धी वाक्यं पुरी करणारे दाजी

आमच्या दाजींच्या, म्हणजे माझ्या ताईच्या नवऱ्याच्या, कचेरीवर ‘अभिलेख व समन्वय शाखा’ अशी पाटी आहे. तिथे कशाचा कशाशी समन्वय होतो हे ताईला लग्न झाल्यापासून कळलेलं नव्हतं. विचारलं की दाजी म्हणायचे, "कागदपत्रं असतात." एवढं बोलूनही त्यांना जिना चढल्यासारखी धाप लागायची. माणूस इतका घुम्या, की त्यांच्या मौनाला कंटाळून पाहुणे स्वतःच स्वतःला अजून एक कप चहाचा आग्रह करायचे.

ऐकायचे मात्र जिवाचा कान करून. मान किंचित डावीकडे, डोळे मिटलेले, आणि उजव्या पायाचा चवडा जमिनीवर हलकेच दाबत असायचे. ताई भांडताना वैतागायची, "आधी तो पाय थांबवा, मग मी पुढचं बोलते." दुसरी सवय म्हणजे समोरच्याचं अडलेलं वाक्य पुरं करणं. ताई "अहो, ते हे कुठे..." एवढंच म्हणायची आणि दाजी सांगायचे, "फडताळात, वरच्या कप्प्यात." आम्हा सगळ्यांना त्याचं केवढं कौतुक. मी तर म्हणायचो, ताईला नवरा मिळाला नाही, उत्तरपत्रिका मिळाली.

असा हा दगडासारखा शांत माणूस यंदा एकाएकी बिथरला. पायाला भिंगरी लागल्यासारखा घरात फिरायला लागला. बसायचा, उठायचा, बंद असलेला नळ पुन्हा बंद करायचा, गॅलरीत जाऊन खाली बघायचा, आत येऊन परत गॅलरीत जायचा. फोन वाजला की न्हाणीघरात. ताईनं मला बोलावून घेतलं.

"तू बोल त्यांच्याशी," ती म्हणाली. "मला काही सांगत नाहीत. काल खोदून विचारलं तर म्हणाले, घरगुती. आता मी विचारलेलं घरगुती नसेल तर काय आंतरराष्ट्रीय असेल?"

मी दाजींना गच्चीवर गाठलं. ते पाण्याच्या टाकीजवळ उभे होते आणि पंपाचा आवाज सुरू होईपर्यंत त्यांनी तोंड उघडलं नाही. पंप घरघरायला लागल्यावर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मी लोकांचे फोन ऐकतो."

"सगळेच ऐकतात, दाजी. आमची शेजारीण तर भिंतीला कान लावून ऐकते."

"माझी नोकरीच ती आहे."

मला हसू आलं होतं, ते तसंच चेहऱ्यावर राहून गेलं. मग दाजी बोलायला लागले, आणि मी त्यांच्या तोंडून इतकी वाक्यं सलग कधी ऐकली नव्हती. कानाला हेडफोन, पायाखाली पेडल; पेडल दाबलं की बोलणं मागे जातं, सोडलं की पुढे. ऐकायचं आणि टंकायचं. बोलणं कामाचं असेल तर तसा शेरा, संशयाचं असेल तर तसा, आणि दोन्ही नसेल तर ‘घरगुती’. लोक वाक्यं अर्धवट सोडतात, ती संदर्भ बघून कंसात पुरी करायची असा नियम. दाजी त्यात पटाईत. त्यांचे कंस साहेब नवीन लोकांना दाखवायचे.

"एक बाई आहेत," दाजी म्हणाले. "भूगोल शिकवायच्या. सरकारी दवाखान्याची जागा विकायला काढली तेव्हा माणसं जमवून फाटकात बसल्या होत्या. तेव्हापासून त्यांचा फोन माझ्याकडे."

"पण तो दवाखाना केव्हाच पाडला."

"हो. तिथे आता नाचाचे वर्ग आहेत. पण ऐकणं बंद करा असा कागद कोणी काढलाच नाही."

म्हणून दाजी अजूनही रोज त्या बाईंचं ऐकत होते. त्यांचा गुडघा कधी दुखतो, त्या चहात साखर का घेत नाहीत, भावाशी कशावरून अबोला होतो आणि कोण आधी फोन करतं, सगळं यांना पाठ. बाई निम्मी वाक्यं हवेत सोडायच्या, हे खाली झेलायचे.

"मग बिघडलं काय?"

"मागे एकदा त्याच लाइनवर आपली पोरगी हसली." दाजींनी टाकीचं झाकण उगाच उचलून परत बसवलं. "म्हणाली, आई, मी आज येऊ का जेवायला? त्या बाईंना आई म्हणाली ती."

माझी भाची आणि त्या बाईंचा चष्म्याचं दुकान चालवणारा मुलगा यांचं जमलंय, ही आनंदाची बातमी मला अशी पंपाच्या आवाजात कळली.

"तुम्ही पुढचं ऐकलंत?"

"नाही. हेडफोन काढून ठेवले."

केवढा भला माणूस, असं वाटून मी त्यांचा हात दाबला. म्हटलं, "मग घरात सांगून टाका."

"सांगितलं तर नोकरी जाईल, वर तुरुंग. नाही सांगितलं तर पोरीच्या सासूसमोर जन्मभर अनोळखी असल्याचं सोंग करायचं. आणि त्यांना कळलं तर हे लग्न मोडेल. माझ्यामुळे मोडेल."

थोड्याच दिवसांत भाचीनं घरात रीतसर सांगितलं, आणि एका रविवारी दुपारी चष्मेवाला आईला घेऊन येणार असं ठरलं. मी दाजींची तालीम घेतली. "तुम्ही तीनच शब्द बोलायचे. हो, नाही, आणि घ्या ना. चौथा शब्द तोंडात आला तर चिवडा कोंबायचा."

बाई आल्या. बुटक्या, गोऱ्या, करड्या केसांच्या, दम खात हसणाऱ्या. दाजींनी त्यांना बघितलं मात्र, आणि पहिल्याच मिनिटाला सोफ्याऐवजी उंच खुर्ची पुढे सरकवली. त्यांच्या गुडघ्याविषयी अजून कोणी अवाक्षर काढलं नव्हतं. मी खोकलो. मग चहा आला, आणि दाजींनी बिनसाखरेचा कप नेमका बाईंसमोर ठेवला. मी परत खोकलो. ताई म्हणाली, "तुला औषध देऊ का रे?"

बाईंना मात्र यजमान आवडले होते. ताईलाही बाई आवडल्या. भाची आणि चष्मेवाला एकमेकांकडे न बघण्याची पराकाष्ठा करत होते. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की मी चिवड्याची बशी दाजींच्या आणखी जवळ सरकवली.

"शाळा लवकरच सोडलीत म्हणे तुम्ही?" ताईनं सहज विचारलं.

"हो ना," बाई म्हणाल्या, "शाळा सोडली, काय झालं, ते आपलं..."

त्या थांबल्या. थांबल्या म्हणजे गुडघ्यावर हात ठेवून ‘गुडघा’ हा शब्द काढणार होत्या. पण दाजींची मान डावीकडे कलली होती, डोळे मिटले होते.

"नकाशावर आपलंच गाव सापडेना," दाजी म्हणाले.

चष्मेवाल्यानं विचारलं, "कसला नकाशा?"

मी म्हणालो, "आमच्या दाजींना मधेच काहीतरी बोलायची सवय आहे." हे विधान उभ्या आयुष्यात दाजींविषयी कोणी केलेलं नव्हतं. ताईनं माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं.

बाईंनी कप खाली ठेवला. "हे मी फक्त माझ्या भावाला सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "फोनवर. दार लावून. वर्गात नकाशासमोर उभी होते, मुलं बघत होती, आणि मला कळेना की समुद्र कुठला आणि जमीन कुठली. भावाला शपथ घातली होती मी." त्या दाजींकडे वळल्या. "तो तुम्हाला ओळखतो?"

अजूनही वेळ होती. ‘हो’ हा तर तालमीतल्या तीन शब्दांपैकी एक होता. पण दाजी उभे राहिले, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि म्हणाले, "नाही. तुमचा फोन मी ऐकतो. कचेरीत. बरीच वर्षं."

ताई म्हणाली, "समन्वय तो हाच का?"

बाई रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्याला उभं करावं तशा त्या म्हणाल्या, "मी वाक्यं अर्धी सोडते. त्यांचं काय करता?"

"कंसात पुरी करतो. तुम्ही जे म्हणणार होतात ते लिहितो."

"मी काय म्हणणार होते ते तुम्हाला कसं कळलं? पुष्कळदा मलाच ठाऊक नसतं. म्हणून तर थांबते."

दाजींच्या कंसांचं इतकी वर्षं कौतुकच झालेलं. असं कोणी त्यांना विचारलंच नव्हतं.

चष्मेवाला आईशेजारी येऊन बसला. "आई, मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते. केव्हा सांगायचं ते मी ठरवणार होते ना रे. तेवढं तरी माझं होतं."

आता भाची बोलली. इतका वेळ ती भिंतीला टेकून उभी होती. "बाबा, मी यांच्या फोनवर किती बोलले असेन. तू ते ऐकलंस?"

"नाही गं," दाजी घाईघाईनं म्हणाले. "तुझा आवाज आला की मी हेडफोन काढायचो. बापाची शपथ."

"मग ते कोणी ऐकलं?"

गच्चीवर मी दाजींचा हात दाबला होता, तेव्हा हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता. दाजी चाचरले. "शेजारच्या टेबलावर देतो आम्ही. कोणीतरी ऐकायला लागतंच. सज्जन आहे तो. त्याला बागेचा फार नाद आहे."

"म्हणजे मी काय काय बोलले ते बागवाल्या काकांना माहीत आहे," भाची म्हणाली, आणि आतल्या खोलीत गेली. दार आपटलं नाही, नुसतं लावलं. दाजींना ते आपटण्याहून जास्त लागलेलं दिसलं.

बाई जायला उठल्या. दाजी हात द्यायला पुढे झाले, तो त्यांनी घेतला नाही. दारात मात्र वळल्या. "फाटकात बसलो होतो तेव्हा एक वकीलबाई आमच्याबरोबर होत्या. आत्ता सांगितलंत ते त्यांच्यासमोर सांगाल? मग कोर्टात?"

"अहो, त्यांची नोकरी जाईल," ताई म्हणाली.

"जाईल," बाई म्हणाल्या. "मी जबरदस्ती करत नाही. विचारते आहे. मला कोणी विचारलं नव्हतं."

दाजी सबंध खोलीभर दोनदा फिरले. नळापर्यंत गेले, गॅलरीपर्यंत गेले. भाचीच्या बंद दारापाशी थांबले, कान देतात की काय असं मला वाटलं, पण त्यांनी मान सरळ ठेवली आणि दारावर टकटक केली. "मी सांगणार आहे गं," ते दाराला म्हणाले. "सगळं सांगणार आहे."

आता प्रकरण कोर्टात आहे. दाजी घरी आहेत. कचेरीनं त्यांना निलंबित केलं आणि ताईला आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या कामाविषयी लेखी कळवलं. भाची बोलते त्यांच्याशी, पण मोजकं. लग्न मोडलेलं नाही, ठरलेलंही नाही. चष्मेवाला आईला डॉक्टरकडे नेतो, आणि बाई भावाला फोन करतातच. "माझ्या घरात मी का कुजबुजू?" म्हणतात.

दाजींना ते जमत नाही. परवा स्वयंपाकघरात पाणी तुंबलं म्हणून नळवाल्याला बोलवायचं होतं. फोन उचलला, नंबर लावला, पलीकडून "कोण बोलतंय?" आलं. दाजी नुसते उभे. पलीकडच्यानं दोनतीनदा विचारलं. शेवटी दाजींनी फोन ठेवला, चपला अडकवल्या आणि भर उन्हात नळवाल्याकडे चालत निघाले.