पेज निवली तेव्हा

ऐंशीच्या दशकात मी मुंबईच्या एका इस्पितळात यंत्रांची देखभाल करायचो. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर एक बाई तिथे कृत्रिम श्वासावर होत्या. नवं सोनोग्राफी यंत्र त्यांच्या रक्ताचा प्रवाह फार कमी दाखवी. त्या आकड्यावरून औषध वाढवलं जाई, आणि तो खरा की खोटा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून एक खोटी रक्तवाहिनी करायची, तिच्यातला प्रवाह आधी स्वतः मोजायचा आणि मग यंत्र तिच्यावर तपासायचं, असं ठरलं. "चार दिवसांत करतो," म्हणून मी कोकणात जामसंड्याला घरी आलो. इस्पितळात मला कुणी सुखाने काम करू देत नसे, हे खरं कारण.

माजघरात वाशाला बादली टांगून तिला नळी जोडली. रक्त म्हणून ग्लिसरीनच्या पाण्यात तांदळाचं पीठ उकळून, गाळून गरमच बादलीत ओतलं. मिनिटाला किती पडतं ते घड्याळ लावून मोजू लागलो. तासाभराने आकडा उतरला, मग आणखी उतरला. पडलेलं परत ओतत होतो, म्हणजे बादली तेवढीच भरलेली, नळी तीच. मी नळीवर चिडलो, मग घड्याळावर, मग आईवर, कारण ती तिसऱ्यांदा पेज प्यायला हाका मारत होती.

"निवान दाट झाली बघ. सकाळी कशी पान्यासारी होती," म्हणत तिने वाडगा पुढ्यात आदळला.

वाडगा कलला तरी पेज हलेना. मी बादलीत बोट घातलं. गार! जन्मभर पेज पिऊन एवढं कळू नये, याची मला लाज वाटली.

आईनेही बोट बुडवून पाहिलं. हे सगळं कुणासाठी चाललंय ते मी तिला आल्याआल्याच सांगितलं होतं. "त्या बायचा रगात असा थंड आसता काय रे?"

मग बादली उंच फळीवर गरम पाण्याच्या घंगाळात बसवली आणि थर्मामीटर लावून अंगाइतकी ऊब राखली. आता तासाभरानेही आकडा उतरला नाही. इस्पितळातही तसंच केलं, तेव्हा यंत्र मी मोजलेल्यापेक्षा फार कमी दाखवू लागलं; चूक यंत्राचीच निघाली. डॉक्टरांनी औषध कमी करत आणलं.

आठवड्याने आईचं पत्र आलं. त्यात यंत्राबद्दल अक्षर नव्हतं. "ती बाय डोळे उघडता काय?" एवढंच.

मी ओशाळलो. इतके दिवस त्यांच्यासाठी राबलो, पण वर जाऊन त्यांना एकदाही पाहिलं नव्हतं. पत्र खिशात घालून जिना चढलो. घशातल्या नळीमुळे त्यांना बोलता येत नव्हतं, पण डोळे उघडे होते. मी कोण ते नर्सने सांगितल्यावर त्यांनी माझं बोट धरलं. हात उबदार होता. आईला मी तेवढंच लिहिलं.