गळ्यातला टॉवेल

"खाल्लंय म्हणून पळायचं, आणि पळालोय म्हणून खायचं. यात वाईट काय हाय बे?"

असं म्हणून ते पोटावर दोन थापा मारायचे. ट्रकचा क्लीनर टायरमध्ये हवा आहे का बघायला मारतो, तशा. आवाज भरीव आला की समाधानाने बुटांच्या नाड्या बांधायला वाकायचे. वाकल्यावर मध्ये पोट यायचं आणि नाड्या दिसायच्या नाहीत. मग पाय कट्ट्यावर ठेवून, मान वाकडी करून, अंदाजाने गाठ मारायचे. ती गाठ पुढचं कुंभारी गाव यायच्या आत सुटायची.

असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. सकाळी रस्त्याने पळताना दिसतो आणि थोड्या वेळाने त्याच रस्त्यावर वडापाव खाताना दिसतो. आपण हसतो आणि पुढे जातो. मला पुढे जाता आलं नाही, कारण ते माझे मुकादम होते.

आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा एक कारखाना होता. अण्णा तिथे पॅकिंग बघायचे आणि मी त्यांच्या हाताखाली टॉवेलच्या घड्या घालायचो. मी गोंदियाकडचा, आठवीत शाळा सुटलेला. गावच्या तांदळाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून सोलापूरला आलो आणि ट्रकमालकाशी वाजलं म्हणून इथेच उतरलो. बायको-लेकरं तिकडे, मी इकडे. कारखान्याच्या दारात उभा होतो तेव्हा सगळ्यांनी शिक्षण विचारलं, ओळखपत्र विचारलं. अण्णांनी विचारलं, "काय खाल्लास?"

"काही नाही जी."

"जी काय जी? आत ये."

त्यांनी डबा उघडला. कडक भाकरी, शेंगांची चटणी. मी भातावर वाढलेला माणूस. मला वाटलं पापड आहे. मी एक तुकडा मोडला आणि सगळी भाकरी चुरा होऊन अंगावर सांडली. नोकरी लागायच्या आधीच गेली, असं वाटून मी जमिनीवरचे तुकडे वेचायला लागलो. अण्णा पोट धरून हसले. "अरे जीवाल्या, भाकरीला घाबरतोस, तर मालकासमोर काय करशील?" त्या दिवसापासून, माझ्या बोलण्यातल्या 'जी'मुळे, मी जीवाला झालो, आणि कामावर लागलो.

तरी पुढे कितीतरी वर्षं माझी पिशवी मी भरूनच ठेवली होती. कधी जा म्हणतील सांगता येत नाही. अण्णा ती पिशवी पायाने ढकलून बघायचे आणि म्हणायचे, "अजून गाडी पकडायचीय व्हय तुला?"

आता त्यांच्या पळण्याबद्दल. अण्णा कसे पळायचे, हे सांगायचं तर आधी ते कुठे थांबायचे, हे सांगावं लागेल. पहाटे कारखान्याजवळून निघायचे. कुंभारीच्या फाट्यावर एक मावशी गाड्यावर भजी तळायची, तिथे पहिला थांबा. भजी, तळलेली मिरची आणि मूठभर चुरमुरे. पुढे कामगारांच्या घरांत आमच्या कारखान्यातून निवृत्त झालेली एक आजी राहायची, तिच्या दारात चहा. त्याच्याही पुढे, वळसंगच्या बाजूला, एका शेतकऱ्याचा मळा. तिथे मोसमाप्रमाणे मिळेल ते: कधी पेरू, कधी भाजलेली कणसं, थंडीत हुरडा. परत येताना हेच थांबे उलट्या क्रमाने. घरी आल्यावर अक्का, म्हणजे त्यांची बायको, इडल्या वाढायच्या. "सकाळपासून उपाशी पळतोय माणूस," असं अण्णाच त्यांना सांगायचे.

हातात पावलं मोजणारं घड्याळ होतं, मुलाने सुरतेहून पाठवलेलं. ते खाताना काढून ठेवायचे. का, असं विचारलं तर म्हणायचे, "त्याला कशाला कळायला पाहिजे?"

शहरातल्या पळणाऱ्यांचा एक ग्रुपही होता. डॉक्टर, वकील, बिल्डर. अंगाला चिकटलेले कपडे आणि तोंडात सतत प्रोटीन. अण्णा त्यांच्यात कधी घुसले कोण जाणे. फोटोत ते नेहमी कडेला, अर्धं पोट कापलेलं. भाषणात मात्र "आमचे अण्णा, आमची प्रेरणा". आणि भाषण संपलं की प्रेरणेला बाजूला घेऊन विचारायचे, "अण्णा, घरी पाहुणे यायचेत, टॉवेल जरा बघा ना चांगले." अण्णा खूश. छाती फुगायची.

थंडीत या ग्रुपची मोठी शर्यत असायची. मुदतीत जो पूर्ण करील त्याला मेडल आणि टॉवेल. तो टॉवेल आमच्याकडेच विणला जायचा. पांढराशुभ्र, आणि कोपऱ्यात निळ्या धाग्यात पळणारा माणूस विणलेला. सडपातळ, मान ताठ, एक पाय हवेत. दर वर्षी त्या टॉवेलांच्या घड्या आम्ही घालायचो, गठ्ठे अण्णा बांधायचे. आणि दर वर्षी अण्णा शर्यतीत पळून टॉवेल न घेता परत यायचे.

कारण उघड होतं. शर्यतीचा रस्ता तोच, कुंभारीवरून वळसंगकडे आणि माघारी. अण्णा महिनाभर आधी सगळ्यांना सांगून ठेवायचे, "मी पळणाराय, बघायला या." मग मावशी, आजी, शेतकरी रस्त्यावर यायचे. बघायला कुणी रिकाम्या हाताने येतं का? अण्णांसाठी टाळ्या वाजवण्यापेक्षा त्यांना वाढणं बरं, हे त्यांना इतक्या वर्षांत कळलेलंच होतं. आजी खास गव्हाची खीर करायची. तिकडे तिला हुग्गी म्हणतात. वरून तूप. आणि अण्णांना हाताने वाढलेलं नाकारता यायचं नाही. शेवटी मागे पडलेल्यांना गोळा करणारी बस यायची आणि अण्णांना हुरड्याच्या आगटीजवळून उचलून न्यायची. बसमध्ये बाकीचे पळणारे लंगडत, कण्हत बसलेले. अण्णा सगळ्यांना हुरडा वाटायचे.

कारखान्यात मग आठवडाभर तोच विषय. "अण्णा, गठ्ठ्यातला एक काढून घ्या की! कोण बघतंय?"

अण्णांचा चेहरा तेवढ्यापुरता बदलायचा. "फुकटचा टॉवेल अंग पुसायला असतो बे. तो टॉवेल गळ्यात घालायचाय मला. कमवून."

एका वर्षी मागावर कुठेतरी धागे चुकले आणि एका टॉवेलावरच्या माणसाचं पोट फुगलं. मान ताठ, पाय हवेत, आणि मध्ये हा घडा. माग चालवणाऱ्याने तो नाचवत पॅकिंगमध्ये आणला. "अण्णांचा फोटो आला! अण्णांचा फोटो!" अख्खा कारखाना हसला. मीही हसलो. अण्णाही हसले, पण थोडं उशिरा. मग त्यांनी तो टॉवेल घेतला, नीट घडी घातली आणि खराब मालाच्या ढिगावर ठेवला.

जेवणाच्या सुट्टीत मला म्हणाले, "जीवाल्या, कारखाना काय जास्त दिवस चालत नाही. मालक विकायच्या गोष्टी करतोय. पोरगा सुरतेला बोलावतोय. म्हणजे ही शेवटची शर्यत. तू सायकलवर माझ्या मागनं यायचं. जो कोण जे देईल ते तू घ्यायचं, पिशवीत टाकायचं. मला दाखवायचं नाही. वास आला तरी लांब राहायचं."

कारखाना बंद होणार, एवढंच मला ऐकू आलं. माझी नजर कोपऱ्यातल्या भरलेल्या पिशवीकडे गेली. अण्णांनी ओळखलं. "तुझं बघून ठेवलंय मी. शेजारच्या कारखान्यात. आधी माझं बघ."

शर्यतीच्या दिवशी मी सायकलला दोन पिशव्या अडकवल्या. अन्नावर धूळ नको म्हणून ढिगावरचा हाताला लागला तो टॉवेल घेतला.

अण्णा निघाले. आता पळणाऱ्या माणसाच्या मागे सायकल चालवून बघा तुम्ही. पडल्याशिवाय तेवढं हळू चालवता येत नाही. फाट्यावर मावशी कागदात भजी घेऊन रस्त्याच्या मधोमध.

"अवो अण्णा! गरम हायती!"

अण्णांनी तोंड दुसरीकडे केलं आणि पळत राहिले. मावशी बघतच राहिली.

"ह्येंला काय झालं? आजारी हायती व्हय?"

"नाही जी, शर्यत आहे."

"शर्यत दर साली असती की. भजी कधी सोडली न्हाय त्यांनी." तिचे डोळे भरायला आले होते. मी भजी घेतली आणि दुप्पट आभार मानून सुटलो.

आजी त्याहून अवघड. ती वाटी घेऊन अण्णांच्या बरोबरीने चार पावलं पळाली. "एक घास, अण्णा! एकच!" अण्णा रडवेल्या आवाजात ओरडले, "त्याच्याकडं द्या आजी! पाया पडतो!" मी हुग्गी डब्यात ओतून घेतली. मळ्याजवळ अण्णांनी नाकाला रुमाल धरला. आगटीचा धूर रस्त्यावर आला होता. शेतकरी हातावर दाणे चोळत उभा. त्याने माझ्या पिशवीत हुरडा ओतला आणि अण्णांच्या पाठीकडे बघून म्हणाला, "लई वंगाळ दिवस आले."

माघारी येताना अण्णांचे पाय वाकडे पडायला लागले. नाडी सुटलेलीच होती. मागे ती बस दिसायला लागली. बसचा ड्रायव्हर त्यांना ओळखत होता, दार उघडून हात हलवत होता. "या अण्णा, जागा धरलीय!" अण्णांनी मागे न बघता हात जोडले. मी मागून ओरडत होतो, "चला जी, चला जी," आणि हुग्गी सांडू नये म्हणून सायकल सावरत होतो. माझं सगळं आयुष्य त्या बसच्या पुढे राहण्यावर आहे, असं मला का वाटत होतं, कोण जाणे.

पोचले. शर्यत संपते तिथली कमान उतरवायला शिडी लावली होती, पण कमान उभी होती. अण्णा तिच्याखालून गेले आणि तिथेच खाली बसले. कुणीतरी गळ्यात मेडल घातलं.

मग ते उठून टॉवेलच्या टेबलापाशी गेले. टेबल रिकामं होतं.

ग्रुपमधले एक डॉक्टरसाहेब तिथे होते. व्यासपीठावरच्या पाहुण्यांच्या खांद्यावर टॉवेल होते. पाहुण्यांच्या बायकांच्या, मुलांच्या खांद्यावर होते. एक तर खुर्चीवरची धूळ पुसायला घेतलेला मी बघितला. साहेब अण्णांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "अण्णा, कमाल केली! आमची प्रेरणा! टॉवेल जरा कमी पडले बघा. तुम्हाला काय, तुमच्याच कारखान्यातला माल. उद्या एक काढून घ्या ना."

अण्णांनी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांच्या तोंडातून शब्दही आला नाही आणि तोंडात घासही गेला नाही, असं मी पहिल्यांदा बघितलं.

आम्ही मैदानाबाहेर फुटपाथवर येऊन बसलो. अण्णा म्हणाले, "जीवाल्या, पिशवीत काय काय हाय?"

मी टॉवेल बाजूला करून सगळं मांडलं. भजी गार झालेली, हुग्गी डब्याला चिकटलेली, हुरडा मऊ पडलेला. अण्णा खायला लागले. मेडल हुग्गीत बुडत होतं, म्हणून ते पाठीवर टाकलं. कमान उतरवणाऱ्या पोरांना हाका मारून बोलावलं, बसच्या ड्रायव्हरला बोलावलं. सगळ्यांना वाढलं. मला म्हणाले, "तू खा आधी. सायकल काय कमी हाणलीस?"

खाऊन झाल्यावर हात पुसायला त्यांनी टॉवेल ओढला. पुसता पुसता थांबले. कोपरा उलगडून बघितला. ताठ मान, हवेत पाय, मध्ये घडा.

मी घाईघाईने रिकामे डबे गोळा करायला लागलो. "झाकायला घेतला जी. अंधारात हाताला लागला, मी बघितला नाही जी..."

अण्णा त्या पोटवाल्या माणसाकडे बघत राहिले. त्यावर भज्याच्या तेलाचे डाग पडले होते.

"हा पण पोचला की बे," ते म्हणाले, आणि टॉवेल गळ्यात घातला.

पुढे कारखाना बंद पडेपर्यंत तो टॉवेल त्यांच्या गळ्यात होता. मालक हसला, कामगार हसले. हसणाऱ्याला अण्णा कोपरा उलगडून दाखवायचे. सुरतेच्या गाडीत बसतानाही तो गळ्यात होता. खिडकीतून मला शेवटचं वाक्य काय म्हणाले असतील? "मावशीच्या भज्यांचा डबा वर दे, तेल गळतंय का बघ आधी."

मी शेजारच्या कारखान्यात लागलो. अण्णांनी सांगितल्याप्रमाणे. पिशवी आता भरून ठेवत नाही. सुरतेहून फोन येतो, आणि नोकरीची चौकशी व्हायच्या आधी तक्रार असते. "इथं चटणीत साखर घालतात बे. पळायला मनच होत नाही."

यंदाही शर्यत झाली. मी सायकलवरून कामाला निघालो होतो. फाट्यावर मावशी कागदात भजी घेऊन उभी. चिकटलेल्या कपड्यांतली माणसं कानात वायर घालून तिच्या समोरून जात होती. कुणी मान वळवत नव्हतं.

"ह्यातलं कुणीच खात न्हाय व्हय?" तिने मला विचारलं.

मी सायकल लावली आणि तिच्या हातातला कागद घेतला. सगळी भजी संपवली, मिरचीसकट. मग सायकलवर बसायला गेलो आणि पुन्हा उतरलो. खाल्लं होतं. सायकल हाताने धरून, कारखान्याच्या दारापर्यंत पळत गेलो.