तारूतचे नातेवाईक

तेलाचे दिवस होते. सौदीतल्या कतीफमध्ये ज्याच्याकडे चार पंप आणि एक शेड, तो कंपनीवाला झाला होता. आमचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर आमचा व्हिसा तो अरब मालक, त्यातलाच, आणि मी त्याचा पंप फिटर. माणूस वाईट नव्हता, पगार वेळेवर द्यायचा. पण तो हसून बोलायला लागला की मला धास्ती वाटायची. माझा स्वभावच तसा. आई म्हणायची, ह्याच्यापुढे दूध ठेवलं तर हा आधी वाटीखाली बघेल.

त्या वर्षी माझं लग्न ठरलं होतं. आमच्या वसईत लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये वधूवरांची नावं वाचतात, कोणाची हरकत असेल तर सांगावी म्हणून. पहिल्या रविवारी नावं वाचून झाली होती. राखेचा बुधवार आला की उपवासकाळ लागतो, मग ईस्टरपर्यंत लग्न नाही. म्हणजे मला ताबडतोब निघायला हवं होतं आणि पासपोर्ट होता कफीलच्या कपाटात.

रजा मागायला गेलो तेव्हा त्यानं तो काढला, उघडला आणि माझ्या आडनावावर बोट ठेवून थांबला.

"बुर्तुगाली?"

मी म्हटलं, आडनाव पोर्तुगीजच. त्यानं मला खालून वर न्याहाळलं आणि एकदम गोड झाला. "जुम्मा को मेरे साथ तारूत चलो. मेरे बाप से मिलो. पासपोर्ट बादेन." बादेन म्हणजे नंतर. तिकडे गेल्यावर हा शब्द कोणाला शिकवावा लागत नाही.

कँपात आमचा स्वयंपाक करणारे चाचा रत्नागिरीकडचे. त्यांना सांगितलं तर भात ढवळता ढवळता म्हणाले, "कफील फुकट कुनाला घरी नेतो काय रे? कायतरी काम असनार. नायतर जावई करून घेतोय तुला." सगळे हसले. मी हसलो नाही.

तारूत हे कतीफसमोरचं बेट, भराव टाकलेल्या रस्त्यानं जोडलेलं. मधोमध पडका किल्ला. लोक म्हणतात पोर्तुगीजांचा. त्याच्याच पायथ्याशी कफीलचं वडिलोपार्जित घर. बैठकीत त्याचे वडील टेकून बसले होते. तरुणपणी मोती विकायला मुंबईच्या फेऱ्या केलेल्या, त्यामुळे त्यांची हिंदी माझ्यापेक्षा बरी. डोळे घारे.

त्यांनी मला जवळ बसवलं, ताटातला हामूर मासा स्वतः सोडवून माझ्यापुढे सारला आणि घराण्याची गोष्ट सांगितली. किल्ला पडला तेव्हा एक पोर्तुगीज शिपाई मागे राहिला. मुसलमान झाला, इथल्याच बाईशी निका लावला. हे सगळे त्याचे वंशज. गावातली पोरं अजून त्यांना फिरंग्याची औलाद म्हणून चिडवतात. म्हाताऱ्याला त्याचं दुःख नव्हतं. त्याला एकच लागून राहिलं होतं, की त्या शिपायाचे भाऊबंद कुठे गेले. त्यांच्यात नाव एक म्हणजे रक्त एक. तेव्हा पोर्तुगीज नावाचा मी म्हणजे त्या भाऊबंदांपैकीच कोणीतरी.

"तू हमारा है, तो तेरी शादी हमारी शादी," ते माझा हात धरून म्हणाले. "बोल, है ना?"

कफील दाराशी उभा राहून माझ्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. हो म्हटलं तर पुढे काय? आपला माणूस म्हणून इथेच ठेवून घेतील? कलमा पढायला लावतील? एवढ्या मायेनं मासा भरवतायत ते काय उगाच? मला तो सरळ सरळ सापळा वाटला, आणि सापळ्यातून निसटायला मी खरं ते सांगून टाकलं.

म्हटलं, बाबा, आमच्यात रक्ताचं असं काही नाही. आमचे पूर्वज वसईतले केळीवाले. बाप्तिस्म्याच्या वेळी जो धर्मपिता उभा राहिला त्याचं आडनाव आम्हाला मिळालं. तो पोर्तुगीज होता. आम्ही नव्हतो.

म्हाताऱ्यानं माझा हात सोडला, अगदी हळू, आणि मुलाला अरबीत काहीतरी विचारलं. मुलानं मान हलवली. तेवढ्यात कफीलचा चेहरा मोकळा झाला होता. त्या क्षणी मला उमगलं, की बापाच्या हौसेसाठी त्यानं मला आणलं खरं, पण मी नातेवाईक निघेन ह्याची त्यालाच भीती होती. नातेवाइकाचा पासपोर्ट बापासमोर कपाटात कसा ठेवणार?

परतताना गाडीत तो खुशीत होता. मला खजूर दिले. किल्ला मागे पडल्यावर मी विचारलं, पासपोर्ट?

"बादेन," तो म्हणाला. "अल खर्जचे पंप बसू देत."

अल खर्जच्या गोठ्यांना पाणी देणारे ते पंप बसवत असताना तिसरा रविवार आला. गावाकडे माझं नाव शेवटचं वाचलं गेलं. कोणीच हरकत घेतली नाही. माझी होणारी बायको चर्चमध्ये तिच्या आईशेजारी बसून ऐकत होती आणि बायका वळून वळून तिच्याकडे बघत होत्या, नवरा कुठाय म्हणून. बुधवार आला. तिच्या कपाळावर राख लागली आणि लग्न राहिलं.

ते ईस्टरनंतरही झालं नाही. तिच्या वडिलांना संशय आला, की आखातातला हा मुलगा तारखा का पुढे ढकलतोय, तिकडे काही भानगड तर नाही? मी दोन तारा केल्या. संशयी माणसाला तारेनं कोणी समजावू शकत नाही, हे मला कोणी सांगायला नको होतं. पावसाळ्याआधी तिचं दुसरीकडे झालं.

हो म्हटलं असतं तर म्हाताऱ्यानं त्याच संध्याकाळी मला विमानात बसवलं असतं. तो माझ्याकडे फक्त एक भाऊ मागत होता.