ट्रे बंद झाले

चार माणसं वर्षानुवर्षं एकाच टेबलाभोवती बसली की किस्से आपोआप साचतात. कुलरच्या जाळीत धूळ साचते तसे. कोणी मुद्दाम गोळा करत नाही. आमच्याकडे हसवणारे किस्से बरेच आहेत. पण परवा सांगायला बसले तर एकाच वर्षाचे आठवत गेले. नवीन नियम आले त्या वर्षाचे.

आधी आमची ओळख. प्रताप नगरात मकरंदच्या हॉलमध्ये आम्ही रविवारी दुपारी खेळतो. मकरंद वकील. दिनेश विजेच्या ऑफिसात, घर नंदनवनला, वडील हातमागावर लुगडी विणायचे. प्रशांतचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आणि उमरेडकडे शेती. मी एका कॉलेजात ग्रंथपाल. अंगठ्याएवढे प्लास्टिकचे शिपाई, राक्षस, बुटके आपणच रंगवायचे, टेपनं मोजून पुढे सरकवायचे आणि फासे टाकून लढवायचे, असा आमचा खेळ. दिनेशची बायको सुनंदा म्हणते, "दारू पेत नाईत, हे खेळतात. मी काय बोलू?"

खेळाचं पुस्तक परदेशातून येतं. चार-सहा वर्षांनी कंपनी नवीन आवृत्ती काढते आणि जुने नियम बाद होतात.

*

नवीन पुस्तक आलं तेव्हा मकरंदनं ते कायद्यासारखं पेन्सिल घेऊन वाचलं. सगळ्यात मोठा बदल ट्रेचा. आधी शिपाई रांगेनं एका ट्रेवर उभे असत, ट्रे ढकलला की पलटण पुढे. आता ट्रे बंद. प्रत्येक शिपाई गोल चकतीवर सुटा उभा.

"म्हणजे एकेक उचलाचा?" दिनेशनं विचारलं.

"एकेक," मकरंद म्हणाला. "आता कुठे लढाई खरी वाटेल."

"सगळे?"

"सगळे."

दिनेशनं पुस्तक मिटलं. आम्हाला वाटलं, आळस.

*

प्रशांतची फौज दलदलीतल्या बेडूकमाणसांची. हिरव्याच्या किती छटा त्यानं वापरल्या होत्या, त्यालाच ठाऊक. नवीन पुस्तकात तिचं नावच नाही. त्यानं पुढून मागे, मागून पुढे पानं उलटली.

"माही फौज कुठं गेली गा?"

"या आवृत्तीत घेतलेली नाही," मकरंद म्हणाला. "पुढे कधीतरी येईल."

"आन् तोवर? त्यायले घरी बसवून पोसू?"

आम्ही हसलो. प्रशांत हसला नाही. स्कूटरवर पायाशी डबा ठेवून निघून गेला. पुढे तो माझे जास्तीचे शिपाई घेऊन खेळायचा, पण बेडकांना एकेकाला दिली होती तशी नावं त्यानं त्यांना कधी दिली नाहीत. बेडूक दुकानातल्या काचेच्या कपाटात आहेत. गिऱ्हाईक किंमत विचारतं. तो सांगतो, "विकाऊ नाईत. रिटायर झाले."

*

माझ्या भालेवाल्यांचे जुने चौकोनी तळ मी करवतीच्या पात्यानं कापले. गोल चकत्या लावायच्या होत्या. प्लास्टिक जुनं, घोट्यातूनच तुटायचं. एक तर चिकटवल्यावर तुटला, नुसती पावलं चकतीवर राहिली.

दिनेशनं ती चकती नीट निरखली. "याले ठेवा ताई. लढाईले आला होता, एवढं तरी दिसते."

मी म्हटलं, तुमचेही कापून देते.

"माहे राहू द्या. चौकोनीच बरे हायेत."

*

मग भांडण झालं. नव्या नियमांनी मकरंद आणि दिनेशचा पहिलाच डाव. मकरंदनं आपले शिपाई एकेक मोजून सरकवले. दिनेशनं मात्र ट्रेच ढकलला.

"ट्रे चालत नाही," मकरंद म्हणाला.

"मी असाच खेळीन."

"तुझे शिपाई एकमेकांना चिकटून उभे आहेत. माझे पसरलेत. हा डाव कसा होईल?"

"नाई झाला तं नाई झाला."

"काहून गा दिनेश," प्रशांत मध्ये पडला, "एकेक उचलाले काय जाते तुह्यावालं?"

दिनेशनं ट्रे आणखी बोटभर पुढे ढकलला. मकरंदला वाटलं, हा मुद्दाम अडून बसलाय. तो म्हणाला, "जुनंच खेळायचं असेल तर घरी खेळ. इथे पुस्तकाप्रमाणे होईल."

दिनेशनं ट्रेसकट फौज पिशवीत टाकली. ठेवली नाही, टाकली. आतून खडखड आवाज आला. इतकी वर्षं रंगाचा टवका उडू नये म्हणून कापसात गुंडाळणारा माणूस.

त्यानंतर तो आला नाही. मकरंद म्हणायचा, "काही लोकांना बदल पेलत नाही." मीही मान हलवायचे.

*

प्रशांत आईला डोळे दाखवायला धंतोलीत घेऊन गेला होता. त्याच इमारतीत खाली मेंदूच्या डॉक्टरचा दवाखाना. बाहेरच्या बाकावर दिनेश. हातात चहाचा कागदी कप, दोन्ही हातांनी धरलेला, तरी शर्टावर डाग.

"कोणाले आणलं गा?" प्रशांतनं विचारलं.

"साळ्याले. आत गेला."

तेवढ्यात काउंटरवरच्या मुलीनं दिनेशचंच नाव पुकारलं. दोनदा. दिनेश समोरच्या भिंतीकडे पाहत बसून राहिला. प्रशांतनं त्याच्या हातातला कप घेतला आणि म्हणाला, "जा. मी इथंच हावो."

आत जायला उठताना दिनेश एवढंच म्हणाला, "ट्रे ढकलता येत होता रे. चिमटीत नाई धरता येत आता."

*

प्रशांतकडून कळल्यावर मकरंदला मी फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "त्यानं सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलंत का?" मी म्हटलं. मग लक्षात आलं, मीही नव्हतं विचारलं.

आम्ही तिघं नंदनवनला गेलो. सुनंदानं पोहे केले. दिनेशपुढे चमचा नव्हता, ताट नव्हतं. तो म्हणाला, मी मघाच खाल्लं. सुनंदानं मान खाली घातली.

मकरंद म्हणाला, "नवीन आवृत्ती फालतू आहे रे. आम्ही परत जुनीच खेळणार आहोत."

"वकीलसाहेब," दिनेश म्हणाला, "कोर्टात बरं बोलत असान तुम्ही. इथं नाई जमून राहिलं." मग खिडकीकडे बघत म्हणाला, "माह्यासाठी नियम नोका बदलू. मी येतो. पुस्तकाप्रमाणेच होऊ द्या."

*

तो आला. प्रशांत त्याच्या शेजारी बसून त्याचे शिपाई हलवायचा. "तो तिसरा, बोटभर पुढं. आणखी. बस." डाव इतका लांबायचा की चहा दोनदा व्हायचा. फासे मात्र दिनेश स्वतः टाकायचा. ओंजळीत घेतले की ते आपोआप खुळखुळत. "हे एक काम बरं झालं," तो म्हणाला. "हलवाची मेहनत वाचली." कुणाला हसू आलं नाही, तेव्हा तोच थोडा हसला.

*

दिवाळीनंतरचा एक रविवार. मकरंद जिंकत आला होता. दिनेशनं अंतर बघायला हात पुढे केला आणि हातावरचा ताबा सुटला. मकरंदची पुढची सगळी फळी आडवी झाली. दोन शिपाई टेबलाखाली गेले.

दिनेशनं हात मागे घेऊन मांडीखाली दाबला.

मकरंदनं पडलेले शिपाई उचलले आणि डब्यात टाकले. "मेले," तो म्हणाला.

"असा कोणता नियम हाये?" प्रशांत म्हणाला.

"आहे. नवीन पुस्तकात आहे."

"दाखव," दिनेश म्हणाला.

मकरंदनं पुस्तक त्याच्यापुढे ठेवलं. दिनेशनं मांडीखालचा हात काढला. एक पान उलटायला त्याला फार वेळ लागत होता, कधी दोन पानं एकदम यायची, मग परत मागे. आम्ही कोणीच मदत केली नाही. बऱ्याच वेळानं तो एका पानावर थांबला, बोट ठेवलं, वाचल्यासारखं केलं.

"हो," तो म्हणाला. "हाये इथं."

आणि फासे उचलले.