महिपतकाकांनी ऑफिसात घातलेलं गाऱ्हाणं

महिपत घाणेकर काँप्युटरला हात लावत नसत. रत्नागिरीतल्या त्या सहा जणांच्या सॉफ्टवेअर कंपनीत ते कुलूप उघडत, टपाल बघत आणि चहा करत. गावी, संगमेश्वराकडे, त्यांचा मान मात्र मोठा. सहाणेवर, म्हणजे गावच्या चौथऱ्यावर, देवाची पालखी बसली की गाऱ्हाणं घालायला त्यांनाच उभं करत. ते एकेकाचं दुखणं देवापुढे मांडत आणि सगळा गाव एका आवाजात म्हणे, ‘व्हय म्हाराजा!’

२००७ साली पुण्याहून राजश्री मॅडम प्रमुख म्हणून आल्या आणि सोबत नवी पद्धत घेऊन आल्या. दर पंधरवड्याला बसायचं, काय जमलं, काय फसलं ते मोकळेपणाने बोलायचं. आता रत्नागिरीत मोकळेपणाने बोलायचं म्हणजे काय खायचं काम आहे? इथे प्रत्येकाची आत्ये दुसऱ्याच्या वाडीत दिलेली. तोंडावर चूक काढली तर दोन पिढ्या अबोला. तीन बैठका झाल्या. चिठ्ठ्या लिहायला दिल्या, तर चौघांनी लिहिलं, ‘सगळं ठीक,’ आणि एकाने, ‘चहा छान.’

तशात गणपती आले आणि कंपनीने बनवलेल्या बसच्या बुकिंगच्या प्रोग्रॅमने घोळ घातला. एकेका सीटवर दोन दोन चाकरमानी. मुंबईपासून चिपळूणपर्यंत भांडत आले. गिऱ्हाइकाने फोनवर आईबाप काढले. मॅडमनी एवढंच विचारलं, “तपासलं कोणी?” तपासायचं काम निदा सोलकरचं. दुसऱ्या दिवशी तिने राजीनामा दिला. तीस तारखेला जाणार होती.

महिपतकाकांना ते लागलं, कारण खरं काय ते त्यांना ठाऊक होतं. चहा देताना त्यांनी कानांनी ऐकलं होतं. दोघांनी एकदम बटण दाबलं तर एकच सीट दोघांना जाते, असं निदा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या निलेशला सांगत होती. निलेश हसून म्हणाला होता, “असं कधी होतं काय?” पण चहावाल्याने मध्ये तोंड घालायचं कसं?

पुढच्या बैठकीसाठी मॅडमनी त्यांनाच गाठलं. “काका, यावेळी गंमत करू. चिठ्ठ्या मी गोळा करते, तुम्ही गाऱ्हाण्यासारख्या म्हणा.”

“द्येवाची थट्टा नको मॅडम.”

“थट्टा नाही हो. ही माणसं तोंडच उघडत नाहीत.”

काकांनी दोन दिवस विचार केला आणि अटी घातल्या. देवाचं नाव घ्यायचं नाही आणि चपला बाहेर. मग निदाकडे जाऊन हळूच म्हणाले, “बाय, तुला चालंल ना? तू ‘व्हय म्हाराजा’ बोलू नको हां.”

“मी ऐकेन, काका,” ती म्हणाली.

शनिवारी सगळे एसीत अनवाणी उभे राहिले. काकांनी घसा साफ केला. “बा म्हाराजा, जेवायच्या टायमाला मीटिंग लावतात, लेकरांच्या पोटात कावळे वरडतात!”

“व्हय म्हाराजा!” हसून हसून मुरकुंडी वळली. निलेश हेदवीचा, लहानपणापासून गाऱ्हाण्याला ओ देणारा. त्याचा आवाज सगळ्यांत मोठा.

पाचवी चिठ्ठी काकांनी उघडली. कोरी. निदाचीच, दुसरी कुणाची असणार? ती गुपचूप बाजूला ठेवली असती तर कुणाला कळलंही नसतं. काकांना वाटलं, या वयात नोकरी गेली तर कुठे जायचं? तरी त्यांनी डोळे मिटले.

“बा म्हाराजा, ज्या लेकीनं चूक आधीच सांगितली, तिचं कोनी आयकलं न्हाय. आनि बोल तिच्याच माथी आला!”

“व्हय म्हाराजा!” निलेश सवयीने सगळ्यांच्या आधी गरजला. आणि मग आपण काय कबूल केलं ते कळून त्याने जीभ चावली.

निलेशने मान खाली घातली. “खरं आहे मॅडम. निदाने सांगितलं होतं. दोनदा. मीच हसण्यावारी नेलं.”

राजश्री मॅडमचा चेहरा उतरला. “निदा, मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही तपासलं कोणी एवढंच विचारलंत,” निदा म्हणाली. “काय सापडलं होतं, ते नाही विचारलंत.”

मॅडम तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. “चुकलं माझं. आता विचारते. काय सापडलं होतं?”

निदाने ओढणीने डोळे पुसले आणि वही उघडली. “ही एक झाली. अजून अकरा आहेत.”

निलेशने मुकाट्याने तिच्याशेजारी खुर्ची ओढली. काकांना राहवेना. “बाय, तीस तारखेपर्यंत सगळ्या व्हतील?”

निदाने वहीतून मान वर केली नाही. “कशा होतील, काका? एकट्या निलेशच्याच सात आहेत.”

काका चहा ठेवायला म्हणून आत गेले आणि आधण उकळून आटेपर्यंत डोळे पुसत उभे राहिले.