नाईकाचा अंगठा

मोहन वसावे हा जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या एका चिप कारखान्यात धुळीचे कण शोधणारा माणूस. तिथे तासन्‌तास खांबासारखा उभा राहणारा हा गृहस्थ त्या आठवड्यात घरी मात्र तव्यावरच्या फुटाण्यासारखा उडत होता. मंगळवारी त्याने बाल्कनी दोनदा झाडली. बुधवारी रिकाम्या बाटल्या रंगांप्रमाणे लावल्या, गुरुवारी उंचीप्रमाणे.

कारण एक चित्र. शहरातल्या एका छोट्या संग्रहालयाला ते माळ्यावर सापडलं होतं. दिल्लीतला इंग्रजांचा दरबार, हत्ती, छत्र्या, आणि कोपऱ्यात धनुष्य ताणून उभा एक भिल्ल नाईक. मोहनचे खापरपणजोबा अशा दरबाराला गेले होते, हे त्याच्या गावी, धडगावकडे, शेळ्यांनाही ठाऊक होतं. तिथे मिळालेला बिल्ला त्यांनी घरी येऊन शेळीच्याच गळ्यात बांधला होता. निमंत्रितांच्या यादीत त्यांचं नाव सापडलं, फोटो मात्र कुठेच नव्हता. ‘चित्रातले ते हेच’ अशी मोहनने सही केली की चित्राखालच्या पाटीवर नाव लागणार होतं. तो फॉर्म्युलार, म्हणजे सहीचा अर्ज, शुक्रवारपर्यंत द्यायचा होता. जर्मनीत सही दिसली की पुरावा आपण होऊन बाजूला सरतो. आणि बाबांनी तर गावात पेढेही वाटले होते.

“अहो, बसा की जरा!” त्याची बायको सरला म्हणाली. “काय खुपतंय एवढं?”

“अंगठा.”

“बघू. कुसळ गेलं का?”

“माझा नाही गं. खापरपणजोबांचा.” त्याने मोबाईलवर चित्र मोठं केलं. “बाण कसा धरलाय बघ.”

नाईकाने बाण अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरला होता, तपकीर धरावी तसा.

“अय्या! आपल्या भिल्लांत बाणाला अंगठा लावतात होय? माझ्या आज्याने काठीच घातली असती पाठीत.”

“म्हणजे चित्रकार दिल्लीला गेलाच नाही. इथल्याच कुणाला तरी पागोटं घालून उभा केलाय.”

“तरीच! पोटही बिअरचंच दिसतंय.” मग ती हळूच म्हणाली, “सही करून टाका. कोण बघतंय अंगठा?”

“मी बघतोय ना!” म्हणत मोहन पुन्हा बाटल्यांकडे वळला.

शुक्रवारी त्याने संग्रहालयाच्या फ्राऊ केलर यांची छत्री मागून घेतली आणि तिचं धनुष्य करून दोन बोटांनी दोरी कशी ओढतात ते दाखवलं. बाईंनी सहा वेळा करून पाहिलं. सहाही वेळा अंगठा मध्ये आला. “गेनाऊ, अगदी बरोबर,” मोहन म्हणाला, “चित्रातल्या माणसाचंही हेच झालंय.” आणि त्याने फॉर्म्युलारवर लिहिलं : हे आमचे नाहीत.

परतीच्या ट्राममध्ये तो आठवड्यात पहिल्यांदाच टेकला आणि भीतभीत फोन लावला. “बाबा, ते आपले नाहीत. बाणाला अंगठा लावलाय.”

पलीकडून बाबा कडाडले.

“अंगठा लावलाय? मग पणजोबांच्या जागी उभा कोण आहे तो भामटा? अन् तू बसलायस काय? खाली उतरव त्याला!”

मोहन ताडकन उठला. उतरायचा थांबा अजून दोन थांबे लांब होता.